स्की क्रॅम्पॉन : सॅकच्या तळाशी जाऊ नये अशी वस्तू

जोडीचं वजन साधारण १०० ते २०० ग्रॅम. दिसायला वाकवलेल्या पत्र्याचे दोन तुकडे, खाली करवतीसारखे दाते. गोठलेल्या चढावर पकड मिळावी म्हणून ते स्कीला बुटाखाली लावतात. स्की टूरिंगच्या, म्हणजे स्कीवरूनच डोंगर चढून मग उतरण्याच्या, सामानात सगळ्यात कमी चर्चा या वस्तूचीच होत असेल. स्कीची लांबी, बुटाचा कडकपणा, बाइंडिंगचं (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या जोडणीचं) वजन यांवर लोक तासन्‌तास बोलतात. स्की क्रॅम्पॉन मात्र 'असू दे एक जोडी' म्हणून घेतले जातात, स्कीच्या रुंदीशी नीट न जुळवता, आणि मग सॅकच्या तळाशी पडून राहतात. चढ गोठलेला मिळाला की पहिली परीक्षा नेमकी त्यांचीच होते. जर्मनमध्ये यांना हार्शआयझन म्हणतात, नॉर्वेजियनमध्ये स्कारेयार्न. दोन्हींचा अर्थ एकच, कडक पापुद्र्यासाठीचं लोखंड. फ्रेंच लोक सरळ 'सुऱ्या' म्हणतात.

हे परीक्षण एका ब्रँडचं नाही, बाजारात मिळणाऱ्या प्रकारांचं आहे. निकाल आधीच सांगून टाकू. पिन बाइंडिंग (बुटाच्या पुढच्या भोकांत दोन पिना अडकवून धरणारी) वापरणाऱ्या बहुतेकांसाठी बाइंडिंगच्या खाचेत बाजूने सरकणारा, बुटाबरोबर वर-खाली होणारा ॲल्युमिनियमचा क्रॅम्पॉन हाच योग्य. पण तो उपयोगी पडतो की नुसता वागवला जातो, हे तीन गोष्टींवर ठरतं: रुंदी, टाचेखालची उचल (चढावर टाच उंच ठेवणारा बाइंडिंगचा आधार) आणि तो कधी चढवला ती वेळ. दाते कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

स्किन, म्हणजे चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी, कडक बर्फावर का सुटते, तिथून सुरुवात करू. मोहेर (अंगोरा शेळीचे केस) असो की नायलॉन, स्किनचे केस मागे झुकलेले असतात आणि बर्फाच्या खरखरीत पृष्ठभागात अडकून पकड देतात. आदल्या दुपारी वितळलेला बर्फ निरभ्र रात्री उष्णता आकाशात सोडून गोठतो. हवा शून्याच्या किंचित वर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो. अशा गुळगुळीत थरात केसांना अडकायला फारसं काही उरत नाही. सरळ चढावर निदान स्की पूर्ण टेकलेली असते. खरा गोंधळ ट्रॅव्हर्सवर. उतार आडवा कापताना स्की धारेवर उभी राहते, वरच्या बाजूची धार आणि स्किनची बोटभर पट्टी एवढंच बर्फाला लागतं आणि सगळं वजन त्यावर येतं. मग स्की मागे नाही, खाली सटकते. अशा वेळी नवी किंवा जास्त पकडीची स्किन घेऊन फरक थोडाच पडतो. स्किन धारेपासून धारेपर्यंत रुंद कापलेली हवी, दोन्ही बाजूंना फक्त धातूची धार उघडी राहील इतकी. अरुंद, सरळ पट्टीसारखी स्किन वजनाला हलकी, घसरायला छान, पण गोठलेल्या ट्रॅव्हर्सवर ती पहिली दगा देते.

क्रॅम्पॉन हे काम वेगळ्या रीतीने करतो. उलट्या 'यू' आकाराची पट्टी स्कीवरून आडवी जाते आणि दोन्ही बाजूंना दातेरी पाय खाली उतरतात. पिन बाइंडिंगच्या पुढच्या भागामागे एक खाच असते, तिच्यात पट्टीचा दांडा बसतो आणि त्या दांड्यावर क्रॅम्पॉन बिजागरीसारखा फिरतो. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलनी १९८०च्या दशकात विकसित केलेली पिन बाइंडिंग डायनाफिट कंपनीने बाजारात रुजवली. तिच्याबरोबर आलेली ही खाच पुढे अनेकांनी उचलली. त्यामुळे एका कंपनीचा क्रॅम्पॉन दुसऱ्या कंपनीच्या बाइंडिंगमध्ये बऱ्याचदा बसतो. 'बऱ्याचदा' हा शब्द लक्षात ठेवा. दांड्याच्या जाडीत जरासा फरक असला तरी तो एकतर हातोडी मागतो किंवा खडखडत राहतो. मार्कर किंगपिन आणि फ्रिट्शी या बाइंडिंगची जोडणी वेगळी आहे, तिथे त्यांचाच क्रॅम्पॉन घ्यावा. शर्यतीसाठीच्या हलक्या बाइंडिंगवर खाच मुळातच नसते, ती वेगळी विकत घेऊन बसवावी लागते. म्हणून आपली बाइंडिंग बघितल्याशिवाय क्रॅम्पॉन विकत घेऊ नये.

दुसरा प्रकार स्थिर क्रॅम्पॉनचा. तो स्कीला घट्ट जोडलेला असतो, टाच उचलली तरी दाते बर्फातच राहतात. पकड सलग मिळते आणि टाचेखालची उचल कितीही असली तरी दात्यांची खोली बदलत नाही. पण पुढे सरकणं संपलं. प्रत्येक पावलाला अख्खी स्की बर्फातून उपटून पुढे ठेवायची. तास-दीड तासाच्या चढात मांड्या आणि कमरेचे स्नायू याची पुरेपूर किंमत मोजतात. फिरणाऱ्या प्रकारात टाच उचलली की दाते वर येतात, स्की जवळपास नेहमीसारखी सरकते आणि वजन टाकलं की दाते पुन्हा खाली घुसतात. लहान, अवघड टप्प्यांपुरतं बोलायचं तर स्थिर प्रकार काही वाईट नाही. पूर्ण दिवसासाठी मात्र तो आम्ही सुचवणार नाही.

आता टाचेखालची उचल. या वस्तूबद्दलच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे. फिरणाऱ्या क्रॅम्पॉनला खाली दाबतो तो बुटाचा तळवा. टाच सपाट असेल तर तळवा पट्टीला पूर्ण खाली नेतो आणि दाते स्कीच्या तळाच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर उतरतात. उचलीची पहिली पायरी लावली की बूट कोनात अडकतो, पट्टी अधांतरी राहते आणि खोली कमी होते. उंच पायरीवर ती निम्म्यावर येते, काही जोड्यांत त्याहूनही कमी. म्हणजे चढ तीव्र झाला म्हणून उचल वाढवली, नेमकी तेव्हाच पकड गेली! 'क्रॅम्पॉन लावले होते तरी घसरलो' असं कुणी म्हणालं, तर आधी विचारायचं ते हेच, की उचल कितव्या पायरीवर होती.

उपाय दोन. चढाची रेषा कमी कोनाची धरायची आणि टाच सपाट किंवा फार तर पहिल्या पायरीवर ठेवायची. पोटऱ्या ताणल्या जातात, पण दाते पूर्ण वापरात राहतात. दुसरा उपाय यांत्रिक आहे. काही प्रकारांत पट्टीच्या वर बसवायचा प्लास्टिकचा जाड तुकडा मिळतो. तो बूट आणि पट्टीमधली पोकळी भरतो, म्हणून उचल लावूनही दाते खाली जातात. मात्र टाच सपाट केल्यावर तोच तुकडा आड येतो, पट्टी स्कीवर आधी टेकते आणि बूट टाचेच्या आधारापर्यंत पोहोचत नाही. सगळा चढ एकाच तीव्रतेचा असेल तर तुकडा चांगला. उतार सारखा बदलत असेल तर तो न लावलेलाच बरा.

रुंदीचं गणित सोपं, तरी लोक हमखास चुकतात. क्रॅम्पॉनवर ८०, ९०, १००, ११० असे मिलिमीटरचे आकडे असतात. स्कीवर छापलेला मधला आकडा कमरेचा, म्हणजे सगळ्यात अरुंद जागेचा. क्रॅम्पॉन त्याच ठिकाणी बसेल असं नाही, शिवाय बाजूला स्किनची कडही असते. म्हणून कॅलिपर किंवा साधी पट्टी घेऊन दाते जिथे उतरतील तिथे मोजावं आणि दोन ते पाच मिलिमीटर जास्तीचं माप घ्यावं. कमरेला ८८ असलेल्या स्कीला ९० चालेल की नाही हे मोजूनच कळतं, तिथे जागा अनेकदा अगदी काठावर असते. उलट 'जरा मोठा घेऊ, पुढच्या स्कीलाही चालेल' हा हिशेब महागात पडतो. दहा मिलिमीटरहून जास्त मोकळीक राहिली की ट्रॅव्हर्सवर क्रॅम्पॉन एका बाजूला सरकतो, वरचा पाय स्कीच्या धारेवर घासतो, खालचा पाय लांब तरफेसारखा वाकतो आणि सगळा पीळ त्या लहानशा दांड्यावर येतो. वाकलेले पाय आणि ढिल्या झालेल्या खाचा बहुतेक यामुळेच दिसतात.

धातू बहुतेकांत ॲल्युमिनियम, चांगल्या जोड्यांत ७०७५ मिश्रधातू. गोठलेल्या बर्फाला तो पुरेसा कडक आहे. दगडावर त्याची धार लगेच मरते. पोलादी जोड्या जड असतात, दगड आणि निळसर बर्फ यांना जास्त टिकतात, पण टूरिंगमध्ये तेवढी गरज क्वचित पडते.

चढवण्याची वेळ हा मुद्दा या परीक्षणात वस्तूच्या बांधणीइतकाच महत्त्वाचा धरला आहे, कारण खाचेच्या रचनेत एक खोट आहे. क्रॅम्पॉन उभा धरून खाचेत बाजूने सरकवायचा आणि मग आडवा पाडायचा असतो. त्यासाठी सहसा बूट स्कीतून काढावा लागतो. सपाट जागी हे मिनिटाभराचं काम. तीस अंशांच्या गोठलेल्या उतारावर तेच काम म्हणजे एका पायावर उभं राहून, जाड हातमोज्यांनी, निसटली तर थेट दरीत जाणाऱ्या स्कीशी खेळणं. बऱ्याच हलक्या बाइंडिंगना ब्रेक नसतो हे ध्यानात घ्या. तहान लागल्यावर विहीर खणायची सोय इथे नाही. पुढचा चढ चकाकताना दिसला, काठीचं टोक टेकवल्यावर 'टक्' असा आवाज आला, पुढच्या माणसाची स्की एकदाही सटकली, तर शेवटच्या सपाट जागीच थांबावं. बऱ्याच टूरमध्ये सकाळी निघतानाच लावून टाकणं शहाणपणाचं ठरतं.

क्रम असा ठेवावा. स्की उताराला आडवी रोवून ठेवायची, एका वेळी एकच पाय मोकळा करायचा. खाचेतला बर्फ काठीच्या टोकाने किंवा छोट्या स्क्रूड्रायव्हरने खरवडायचा, कारण तिथे बर्फाचा खडा असेल तर दांडा अर्धाच जातो आणि बसल्यासारखा वाटतो. तो पलीकडच्या टोकापर्यंत गेला का हे डोळ्यांनी बघायचं. मग पिना धरणाऱ्या दोन्ही पंखांखालचा बर्फ काढायचा, बुटाच्या पुढच्या दोन भोकांतलाही. पंखांखाली बर्फ दबलेला राहिला तर पिना पूर्ण मिटत नाहीत आणि पहिल्याच ताणाला बूट सुटतो. बूट बसवून टाच चार-सहा वेळा वर-खाली हलवायची, म्हणजे भोकांतला उरलेला चुरा बाहेर पडतो. त्यानंतर पुढची कळ चालण्याच्या स्थितीत पूर्ण ओढायची. आधी ती दोन-तीन खटके वर येत असेल आणि आज एकच आली, तर आत बर्फ आहे, पुन्हा काढा. कळ लावलेली बाइंडिंग हिमस्खलनात सुटणार नाही, हे भान मात्र ठेवायला हवं. गोठलेल्या सकाळी ही जोखीम पत्करली जाते, दुपारी बर्फ ओला झाल्यावर तेच गणित बदलतं.

काही जोड्यांत दांडा खाचेतून परत सरकू नये म्हणून छोटी अडकण किंवा दोरी असते. ज्यांत नसते त्या बूट काढल्याबरोबर निसटून खाली पडू शकतात. पातळ दोरीचा फास करून तो बाइंडिंगला बांधला की काम झालं. हा फास कंपन्यांनीच द्यायला हवा होता, असं आमचं मत.

चालण्याच्या सवयी थोड्या उलट्या कराव्या लागतात. उतारावर स्की धारेवर उभी करणं ही स्कीअरची उपजत प्रतिक्रिया. क्रॅम्पॉन लावल्यावर तीच नडते, कारण खालच्या बाजूचे दाते हवेत राहतात आणि पकड निम्मी होते. घोटा दरीच्या बाजूला झुकवून स्कीचा तळ उताराला समांतर ठेवायचा, म्हणजे दोन्ही ओळी घुसतात. बुटाचा चालण्याचा मोड पुढे-मागे मोकळीक देतो, बाजूला नाही. म्हणून वरची पट्टी आणि बकल सैल सोडावं. पावलं छोटी. टाच टेकताना जरासा ठाम दाब द्यायचा, आपटायचं नाही. वरच्या बाजूची काठी मुठीच्या खाली धरायची आणि मनगटातले पट्टे काढायचे. किक-टर्न (चढावर एकेक स्की उचलून उलट दिशेला वळणं) घेताना वरची स्की ठेवल्यावर तिच्यावर पूर्ण वजन टाकून दाते बसल्याची खात्री करावी, मगच दुसरी उचलावी. त्या वळणात मागच्या क्रॅम्पॉनचे दाते पँटच्या पायाला किंवा दुसऱ्या स्कीच्या स्किनला ओरबाडतात. पोटरीच्या आतल्या बाजूला जाड कापड नसलेली पँट फार दिवस टिकत नाही.

सगळ्यात चांगली कामगिरी कुठे, तर कडक थरावर पाच-सात सेंटिमीटर ताजा भुसभुशीत बर्फ पडलेला असतो तिथे. स्किन त्या वरच्या थरासकट खाली घसरते, दाते मात्र त्यातून आरपार जाऊन खालचा कडक थर पकडतात. पुनर्गोठित, खरखरीत पृष्ठभागावरही उत्तम. वाऱ्याने दाबलेल्या कडक बर्फावर बरी. तिथे पायाखाली ढोलासारखा पोकळ आवाज आला तर प्रश्न क्रॅम्पॉनचा नाही, थर तुटून निघण्याचा आहे. ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) 'आज तर सगळं गोठलंय' म्हणून घरी ठेवू नयेत, ते याचसाठी.

जिथे जमत नाही तिथलीही यादी मोठी आहे. वजनाने मोडणाऱ्या पापुद्र्यावर दाते कवच फोडून नुसते नांगर ओढल्यासारखे चालतात. खोल भुसभुशीत बर्फात ते तळाच्या थरापर्यंत पोहोचत नाहीत, वर पट्टीखाली बर्फाचे गोळे जमतात. तिथे ते काढूनच टाकावेत. निळसर, पाण्याच्या बर्फावर ॲल्युमिनियमचे दाते ओरखडे काढतात, रुतत नाहीत. आणि कोन ३५ अंशांच्या पुढे गेला, खाली कडा किंवा खडक असला, तर स्की क्रॅम्पॉन हे उत्तरच नव्हे. ते घसरणं रोखतात, घसरायला लागलेल्या माणसाला थांबवत नाहीत. तिथे स्की सॅकला बांधून बुटाचे क्रॅम्पॉन आणि हातात आइस ॲक्स, आणि हा बदलही अवघड जागेच्या आधी. बुटाच्या क्रॅम्पॉनबद्दल एवढंच, की पूर्ण ॲल्युमिनियमचे हलके असतात आणि फक्त बर्फासाठी पुरतात. खडक-बर्फ मिसळलेला असेल तर निदान पुढचा भाग पोलादी हवा. टूरिंग बुटाच्या पुढच्या-मागच्या काठांवर कडी घट्ट बसते का, हे घरी बूट घालून, लाथ मारून तपासावं.

माथ्यावर पोहोचल्यावर क्रॅम्पॉन काढायला विसरणारे असतात. लावून उतरणं म्हणजे पहिल्याच वळणाला तोंडावर आपटणं. उतार कधी सुरू करायचा ते सूर्य ठरवतो. उत्तर गोलार्धात पूर्वेकडचे उतार आधी मऊ होतात, मग दक्षिणेचे, शेवटी पश्चिमेचे. वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटले की उतरायला सुख. ढग आले तर मात्र काहीच सुटत नाही आणि ज्या बर्फावरून दात्यांनी चढलात त्याच्यावरूनच धारेने उतरावं लागतं. घरून निघण्याआधी स्कीच्या धारा लावलेल्या नसतील तर त्याचा पश्चात्ताप इथे होतो.

देखभाल थोडी, पण करावी. दाते आपल्याच स्किन कापतात, म्हणून दोन क्रॅम्पॉन एकमेकांत घालून जाड कापडी पिशवीत ठेवायचे. पिशवी सॅकच्या वरच्या किंवा बाजूच्या कप्प्यात, हातमोजे न काढता निघेल अशी. बोथट दाते हातकानशीने अरुंद बाजूने घासावेत, रुंद बाजूने घासले तर दाता पातळ होऊन वाकतो. किंचित वाकलेला पाय एकदा सरळ करता येतो. तोच पुन्हा वाकला तर धातू थकलाय, नवी जोडी घ्या. दांडा वाकला असेल तर सरळ करण्याच्या फंदात पडूच नये. तो खाचेत अर्धा अडकतो आणि थंडीत निघत नाही.

वजनासाठी ही जोडी घरी ठेवणाऱ्यांना एक तुलना पुरे. टाचेची उंच पायरी लावून सटकत, परत रेषा पकडत जाण्यात जी ताकद जाते, ती दीडशे ग्रॅम वाहण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. पाण्याची बाटली तेवढ्या वजनाने कमी भरून हिशेब जुळवू नका, गोठलेल्या दिवशीही घाम येतो.